नरसम्माची किल्ली

९ डिसेंबर १९३४, रविवार. सकाळपासून लोखंडी पेटी उपसून बसले आहे. पाच वर्षांच्या हप्त्यांच्या पावत्या महिन्यावार लावायच्या आहेत. उद्या पतपेढीत शेवटचा हप्ता भरायचा आणि घराचं गहाणखत परत आणायचं. पावत्या दोनदा लावून झाल्या. एकही कमी नाही, तरी मन जागेवर नाही. मधेच उठून दाराची कडी बघून येते, पुन्हा बसते. पेटीच्या तळाशी वीतभर लांबीची लोखंडी किल्ली आहे. ती माझ्या घराची नाही, नरसम्माची आहे.

नरसम्मा ती कमरेला खोचून हिंडायची. साखर पेठेत आम्हा दोघींच्या भाड्याच्या खोल्यांच्या मधे एकच भिंत होती. ती विणकराची विधवा. दिवसभर रहाटावर दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची. तिच्या खोलीला कुलूप नव्हतं, नुसती कडी. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "ही किल्ली कशाची?"

"माझ्या घराची."

"कुठं आहे घर?"

"हितंच की. तिसऱ्या गल्लीत."

"मग इथं का राहता?"

"किल्ली माझ्याकडं हाय, पंतुलम्मा. कुलूप त्याचं हाय." एवढंच बोलून तिनं रहाट फिरवला. पंतुलम्मा म्हणजे तेलुगूत मास्तरीण. पुढं तिनं मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही.

गोड बोलण्यातली ती नव्हती. माझी आमटी चाखून म्हणायची, "तुमचं आमटी आजारी मानसाला बरं." शाळेतून मला उशीर झाला की दारातच हटकायची, "पोरींना शिकवलीस की पोरींनी तुला?" तिला सही येत नव्हती, अंगठा द्यायची. मी अक्षर गिरवायला देते म्हटलं, तर म्हणाली, "आता शिकून काय करू? दुसरं घर हाय काय घालवायला?" ती हसली. मी हसले नाही, कारण मला काही कळलंच नव्हतं.

ते कळलं १९२९ साली. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि खोल्या बदलून मी कंटाळले होते. नव्या पेठेमागच्या बोळात दोन खोल्यांचं घर विकाऊ निघालं. निम्मे पैसे माझ्याजवळ होते. उरलेले एक शेटजी द्यायला तयार झाले. घर पाच वर्षं त्यांच्याकडे राहील, पैसे फेडले की परत माझ्या नावावर, असं ते म्हणाले. "किल्ली तुमच्याजवळच राहणार, बाई. जोडीला एक भाडेचिठ्ठी द्या. ती आपली रिवाजापुरती." मी मसुदे घरी आणले, दोनदा वाचले. किल्ली माझ्याजवळ राहणार, एवढ्यावर माझं समाधान झालं होतं. दुसऱ्या दिवशी सही करायची होती. म्हणून नरसम्माला सांगायला गेले.

तिनं अभिनंदन केलं नाही. विचारलं, "कागद किती?"

"दोन."

रहाट थांबला. "गहाणाला एक कागद लागतं. दुसरं कशाला?"

"ती भाडेचिठ्ठी आहे. रिवाज असतो तसा."

"घर तुझं, तर भाडं कुनाला?"

मी जरा चिडूनच म्हटलं, "नरसम्मा, मी वाचलंय सगळं."

"मी वाचलं न्हाई म्हनून माझं घर गेलं. तू वाचून घालवनार काय?"

मग तिनं सांगितलं. सूत महागलं त्या वर्षी नवऱ्यानं सावकाराकडून घरावर पैसे उचलले. दोन कागदांवर दोघांचे अंगठे. किल्ली या दोघांकडेच, माग घरातच. दरमहा पैसे नेऊन द्यायचे ते व्याज, अशी त्यांची समजूत. ते भाडं होतं. मुद्दल फेडायची मुदत एका महिन्यानं हुकली आणि एक माणूस नवं कुलूप घेऊन आला. ते गहाण नव्हतंच. ती मुदतीची विक्री होती. मुदत टळली की घर सावकाराचं. "माग आत राहिलं. चार दिवस बाहेरनं बघितलं. मग त्यानं भाडेकरू ठेवलं," ती म्हणाली आणि पुन्हा कांडी भरायला लागली.

मी खोलीत येऊन मसुदा तिसऱ्यांदा वाचला. 'विकत दिले' हे शब्द तिथं होते. आधीही होते. मी ते वाचले होते आणि पुढं गेले होते.

सकाळी शेटजींना सांगितलं, साधं गहाणखत करा. घर माझ्या नावावर, तुमचा त्यावर फक्त बोजा. मुदत चुकली तर कोर्टात जा, परस्पर कुलूप लावायचं नाही. ते म्हणाले, "वकील गाठलेला दिसतोय."

"वकील नाही. शेजारीण."

त्यांनी मसुदे उचलून ठेवले. घराचा मालक आठ दिवसांवर थांबायला तयार नव्हता. ते आठ दिवस मी शाळेत फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही. शेवटी सहकारी पतपेढीनं कर्ज मंजूर केलं, दोन जामीन मागून. एक शाळेतल्या सहकारी बाई झाल्या. दुसऱ्यासाठी नरसम्मा आपण होऊन आली. कारकुनानं विचारलं, "मिळकत काय तुमची?" तिनं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. कारकून हसला, ती त्याच्याहून जास्त हसली. दुसरा जामीन आमचे हेडमास्तर झाले. पण ती उठली नाही. गहाणखत मोठ्यानं वाचायला लावलं आणि विचारलं, "ह्यात विकलं म्हनून कुटं हाय काय?"

"नाही, आजी."

"कागद किती?"

"एकच."

"मग घाल सही, पंतुलम्मा."

यंदा श्रावणात ती गेली, दोन दिवसांच्या तापात. तिची लेक किल्ली घेऊन माझ्याकडे आली. "आई म्हनली, मास्तरीणबाईला दे." मला त्या किल्लीचं काय करायचं ते सुचेना. पेटीत टाकली.

हे काल लिहिलं. आज सकाळी पतपेढी उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले. हप्ता घेऊन कारकून म्हणाला, "गहाणखत आठवड्यानं घरी पाठवू." मी म्हटलं, "मी थांबते." तासभर तो कपाटं उघडत राहिला, मी बाकावर बसून राहिले. कर्ज फिटल्याचा शेरा आणि सही शिक्का होऊन कागद हातात आला. मोजला. एकच होता.

तिथून कुलूपवाल्याकडे गेले. नरसम्माची किल्ली पुढं ठेवून म्हटलं, हिला बसेल असं कुलूप करा. तो म्हणाला, "लोक कुलूप आणतात, बाई, किल्ली करायला." मी म्हटलं, माझ्याकडे किल्ली आहे. गुरुवारी देतो म्हणाला. पेटीला लावायचं आहे. शाळेचे पहिले दोन तास बुडले.