अंगातलं औषध

नंदाच्या आईचा फोन आला तेव्हा मी रबाळ्याला ऑफिसात होते. ‘ये,’ एवढंच म्हणाल्या... मी तशीच निघाले. आदल्याच संध्याकाळी नंदाने माझा हात धरून विनवलं होतं, हे थांबव गं, काहीही करून थांबव. आणि मी तिला घोटभर पाणी पाजण्यापलीकडे काही करू शकले नव्हते.

नंदा सारसोळ्याची, कोळ्यांच्या घरातली. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी नोकरीला लागले, ती संशोधनात शिरली. तिचा विषय एकच, वेदना. जखम झाली की सूज येते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण त्याच पेशी अफूसारखं काम करणारी, शरीरानेच बनवलेली द्रव्यं सोबत आणतात, सुजलेल्या जागी सोडतात. त्याने तिथल्या नसांची टोकं शांत होतात आणि सूज वाढवणारी रसायनंही कमी सुटतात, हे ती घरातल्याच कुणाचं कौतुक सांगावं तसं सांगायची. मासे कापताना आईंचं बोट कापलं, की पट्टी बांधता बांधता त्यांनाही तेच. पोरगी शिकून येडी झाली, म्हणत त्या हसायच्या.

मग नंदाला रक्ताचा कॅन्सर निघाला. केमोने पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या, त्यातच बाथरूममध्ये पाय घसरून नडगी फुटली. जखम भरेना. इंजेक्शनाचा असर ओसरला की ती उशी दातांत धरायची. एकदा आईंना राहवेना.

“तूच सांगतेस ना, आंगातच औषद हाय? मंग तुला का मिलत नाय?”

नंदाने डोळे मिटले. “आननारेच उरले नाय, आये.”

आई नवस बोलल्या. मी नंदाच्या संशोधनातल्या सरांना फोन करून विचारलं, ही द्रव्यं बाहेरून देता येत नाहीत का? प्रयोग चालू आहेत, म्हणाले, पण माणसापर्यंत पोचायला अजून अवकाश आहे. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले... त्यानंतर जखमेतला संसर्ग रक्तात गेला, आणि आईंचा तो फोन आला.

परवा सारसोळ्याला गेले होते. नंदाच्या खोलीत उकाड्याने जीव घुसमटत होता. पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर आईंनी तो धरला.

“नको. पोरीला वारा लागला का दुखतंय.”

रिकाम्या पलंगाशेजारी आम्ही दोघी घामाने निथळत तशाच बसून राहिलो.