न विकलेल्या गाठी

हिशेबनीस म्हणून तिने केलेल्या पहिल्या ताळेबंदावर आज ऑडिटरची सही झाली, तर दिग्रसच्या शेतकरी कंपनीत सुमेधाची नोकरी पक्की होणार होती. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

गोदामातल्या कापसाच्या गाठींचा आकडा पाहून अध्यक्ष मारोतराव तडकले, "भाव चढला ना पोरी! मार्केटात सारे आजचाच भाव धरते. तू कमी काहून लावला?"

"काका, लेखा मानक म्हणते, लागलेला खर्च अन् विकून हाती येणारी रक्कम, यातलं कमी ते धरा. गाठी विकल्या कुठी आपण?"

"तुले कागद दिसते, कापूस नाही."

ऑडिटरने नेमका तोच आकडा तपासला, मान डोलावली आणि सही केली. सुमेधाने आनंदाने टेबलावर थापच मारली.

मारोतराव हळूच जवळ आले. "मग माह्या घरची तूर कोणत्या भावानं धरू?"

"विकली का?" तिने विचारलं, आणि मारोतरावांनाच हसू फुटलं.