कुलूपकाकांचा राउटर

कुलूपकाकांना खुर्चीत सलग दहा मिनिटं बसलेलं त्यांच्या बायकोनंही कधी पाहिलं नव्हतं, आणि संसाराला तेहतीस वर्षं झाली होती. बसले की उठायचे, दाराची कडी बघायचे, पुन्हा बसायचे. मग आपण कडी बघितली की नुसती बघायची ठरवली, या शंकेनं पुन्हा उठायचे. सगळी गल्ली त्यांना कुलूपकाका म्हणायची. कोपऱ्यावर त्यांचं किल्ल्यांचं दुकान होतं, दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढं. लोकांची अडकलेली कुलपं ते एका वाकवलेल्या तारेनं चुटकीसरशी उघडायचे, आणि म्हणूनच जगातल्या कुठल्याही कुलपावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली तेव्हा दार उघडायला त्यांच्याइतकं जवळ कोणीच नव्हतं, कारण सकाळपासून ते दारापाशीच घुटमळत होते. बाहेर त्यांची लेक उभी होती. चिंगी. तीन वर्षांनी मुक्कामाला आली होती. मधल्या काळात यायची ती दोन तासांसाठी, चपलासुद्धा दाराजवळच ठेवून, जणू निघायला सोपं पडावं म्हणून.

"बाबा, बाजूला व्हाल तर आत येते," ती म्हणाली.

काका बाजूला झाले. बॅग उचलायला वाकले, ती तिनं आधीच उचलली होती. मग उगाच तिच्या मागे मागच्या खोलीपर्यंत गेले आणि तसेच परत आले.

चिंगीचं काम घरबसल्या कॉम्प्युटरवर चालायचं. तिनं जेवताना सरळ सांगून टाकलं, "सोमवारी दहाला नव्या कामाची पहिली मीटिंग आहे, ती मला चालवायची आहे. नेट नीट चाललं तर दोन महिने इथेच राहीन. नाही चाललं तर दुपारीच मैत्रिणीकडे जाते. तिच्याकडे सोय आहे."

"चालेल की! न चालायला काय झालं?" काका म्हणाले, आणि जेवण अर्धं टाकून मोबाइल घ्यायला उठले.

कारण नेट चालत नव्हतं. लाइन घेतली तेव्हा कंपनीनं दिलेला जुना राउटर पुढच्या खोलीत होता. मध्ये स्वयंपाकघर, त्याच्यामागे चिंगीची खोली. तीन खोल्या एकामागे एक, आणि मधल्या भिंती जुन्या, हातभर जाड. पुढच्या खोलीत नेट धावायचं, स्वयंपाकघरात रांगायचं आणि चिंगीच्या खोलीच्या उंबऱ्याशी जीव सोडायचं. काका मोबाइल हातात धरून संध्याकाळभर त्या तीन खोल्यांतून येरझारा घालत होते.

"अहो, जमीन झिजेल," बायको म्हणाली. "उद्या दुकानात जा आणि नवा आणा. आणि त्या दुकानदाराचं डोकं खाऊ नका."

दुकानदार नव्हता, दुकानदारीण होती. चष्मा डोक्यावर सरकवलेला, आणि कोणालाही दोन मिनिटांत वाटेला लावायची सवय. काकांनी तिचा पाऊण तास घेतला. आधी त्यांनी घराचा नकाशा काढलेला कागद तिच्यापुढे पसरला, भिंतींची जाडी इंचात लिहिलेला. तो पाहून ती बाई प्रथमच नीट बसली.

"असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहते," ती म्हणाली. "लोक येतात आणि सगळ्यात जास्त शिंगं, म्हणजे अँटेना, असलेला द्या म्हणतात. काका, शिंगांवर जाऊ नका. हा घ्या. हा दोन तऱ्हेनं नेट सोडतो. एक लाट वेगवान, पण भिंत आली की दमते. दुसरी जरा सावकाश, पण भिंतीतून जाते. मागच्या खोलीला ही दुसरी उपयोगी. आणि ठेवायचा कुठे ते ऐका. घराच्या मधोमध, उंचावर, मोकळा. कपाटात नाही, टीव्हीच्या मागे नाही. वायर लांब घ्या आणि स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवा."

"ते ठीक. याला कुलूप कसं आहे?"

"पासवर्ड असतो."

"तो कोणी उघडला तर?"

"मोठा ठेवा म्हणजे उघडणार नाही."

"आणि विसरलो तर?"

बाईंनी राउटर उलटा केला. मागे एक बारीक भोक होतं. "यात पिन घालायची आणि दहा सेकंद दाबून धरायची. सगळं पुसलं जातं, पुन्हा नव्यासारखा."

काका त्या भोकाकडे बघतच राहिले. आयुष्यभर ज्या माणसानं तारा घालून भोकं उघडली, त्याला एवढी महागाची वस्तू पिनेनं उघडते हे ऐकून काय वाटलं असेल, हे त्या बाईला कळणं शक्य नव्हतं. तिनं डबा पिशवीत घातला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

शनिवारी दुपारी चिंगीनंच तो जोडला. वायर भिंतीच्या कडेनं नेऊन फळीवर बसवला, मोबाइलवर त्याचं पान उघडलं, खाली चिकटवलेला तात्पुरता पासवर्ड टाकला आणि विचारलं, "नवा कोणता ठेवू?"

काकांनी खिशातून कागद काढला. चोवीस अक्षरं, मध्ये आकडे, चांदण्या, तिरप्या रेघा. सकाळी दुकानातून आल्यापासून बसून तयार केला होता.

"बाबा, हे काय आहे? आईनं हा कधी टाकायचा?"

"तिला मी टाकून देईन."

"मला एक वर्ष लागेल," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तोवर मी म्हातारी होईन."

चिंगी हसली. तीन वर्षांत या घरात पहिल्यांदा हसली, आणि काकांना एवढं बरं वाटलं की त्यांनी चोवीसची सोळा अक्षरं मान्य केली. मागच्या खोलीत जाऊन तिनं कॉम्प्युटर उघडला. नेट आलं, चांगलं दणदणीत आलं. मैत्रिणीला व्हिडिओ लावून बघितला, चेहरा एकदाही अडकला नाही. "झकास," ती म्हणाली. संध्याकाळी बाहेर जाऊन आली, बेल वाजली, काकांनी धावत दार उघडलं. रविवारी सकाळी ती त्या मैत्रिणीकडे दिवसभरासाठी गेली.

आणि रविवारी काकांना चैन पडेना.

फळीवर तो राउटर उघडा बसला होता. दिवे लुकलुकत होते. मागे ते भोक होतं. गॅस दुरुस्त करायला माणूस येतो, मीटर बघायला येतो, शेजारीण वाटी घेऊन येते. कोणाच्याही हातात पिन असू शकते. चिंगीची मीटिंग उद्या दहाला. कोणाचा धक्का लागला तर? कोणी मुद्दाम दाबलं तर? काका तीनदा उठून बघून आले. चौथ्यांदा उठले ते दुकानातून लोखंडी पेटी घेऊनच आले. कोऱ्या किल्ल्या ठेवायची पेटी, जाड पत्र्याची. तिला त्यांनी मागून वायरीपुरतं भोक पाडलं, राउटर आत ठेवला, आणि दुकानातलं सगळ्यात चांगलं कुलूप घातलं. शेजारी उभं राहून मोबाइल बघितला. दोन दांड्या होत्या. चाललं होतं. त्यांना दोन दिवसांत प्रथमच जरा शांत वाटलं.

बायको म्हणाली, "त्या दुकानदारीणबाईंनी मोकळा ठेवायला सांगितलं होतं ना?"

"तिला कुलपातलं काय कळतंय?"

ती भांडी लावायला वळली. कुलपाबद्दल या घरात एकदा जे झालं होतं, त्यानंतर ती त्या विषयावर बोलायचंच टाळायची.

झालं होतं ते असं. घराच्या किल्ल्या दोनच. एक काकांकडे, एक बायकोकडे. मुलीला कशाला हवी, ती येते तेव्हा घरात कोणी ना कोणी असतंच. चिंगी कॉलेजात असताना तिनं आईच्या किल्लीवरून एक करून घेतली, आणि ती वडिलांकडे मागायचं धाडस नव्हतं म्हणून दुसऱ्या दुकानातून. काकांना ती तिच्या दप्तराजवळ पडलेली दिसली. दुसऱ्याच्या हातचे दाते त्यांनी एका नजरेत ओळखले. कुलूपवाल्याची मुलगी परक्या दुकानातून चोरून किल्ली करते! ते तिला काही बोलले नाहीत. त्याच दुपारी दाराचं लॅच बदलून टाकलं. रात्री उशिरा चिंगी आली, घरात सगळे झोपले असतील म्हणून बेल न वाजवता किल्ली घातली, आणि ती लागेना. आत काका दाराच्या या बाजूला उभे राहून ती खटपट ऐकत होते. पुरी दोन मिनिटं. मग त्यांनी दार उघडलं. तिनं ती किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. महिन्याभरात तिनं नोकरी धरली आणि घर सोडलं. त्या दोन मिनिटांबद्दल नंतर कोणीही कधी काही बोललं नाही.

रविवारी रात्री उशिरा परतलेल्या चिंगीनं सोमवारी घाईतच आवरलं आणि दहाला पाच मिनिटं असताना, फळीकडे न बघताच, खोलीचं दार लोटून घेतलं. काका पुढच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. आतून तिचा आवाज आला, "नमस्कार, सगळ्यांना ऐकू येतंय ना?" मग, "हॅलो?" मग पुन्हा, "हॅलो, माझा आवाज येतोय का?"

काका उठले.

"हॅलो? हॅलो!" खोलीचं दार धाडकन उघडलं. चिंगी मोबाइल उंच धरून बाहेर आली. "मोबाइलची रेंज पण नाही इथे. बाबा, नेट कुठे गेलं? शनिवारी तर..." आणि स्वयंपाकघरात येऊन थांबली. फळीवर लोखंडी पेटी होती. तिच्यावर कुलूप होतं.

तिनं काकांकडे बघितलं. त्यापेक्षा तिनं ओरडायला हवं होतं.

काकांनी जुडगा काढला. चाळीस किल्ल्या, एकेक त्यांना अंधारातही ओळखता यायची. तरी पहिली चुकीची घातली, दुसरी चुकीची, तिसरी खाली पडली. चिंगी शेजारी उभी. खोलीतल्या कॉम्प्युटरमधून कोणाचा तरी तुटका आवाज येत होता, तिचं नाव पुकारत. कुलूप उघडलं, काकांनी राउटर बाहेर ओढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून उभे राहिले.

"आलं!" चिंगी खोलीत पळाली.

मीटिंग पाऊण तास चालली. काका पाऊण तास तसेच उभे होते. बायकोनं दोनदा सांगितलं, "फळीवर ठेवा, चालतं तिथं." त्यांनी मान हलवली नाही. हात भरून आले तेव्हा बायकोनंच तो काढून घेतला आणि फळीवर ठेवला.

चिंगी बाहेर आली ती बॅग घेऊन.

"मीटिंग?" आईनं विचारलं.

"झाली. सात मिनिटं वाया गेली, सगळ्यांसमोर माफी मागितली." ती काकांकडे वळली. "बाबा, त्या दिवशी माझी किल्ली लागली नाही. तुम्ही आत उभे होतात, मला दाराखालून तुमचे पाय दिसत होते. आज तसंच वाटलं. सारखं वाटतं की तुमच्या घरात मी चोरून शिरतेय."

तिला पाय दिसले होते. तीन वर्षं तिला ते माहीत होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आजचं पण. आणि त्या दिवशीचं तर... मला तिथेच उघडायला हवं होतं. मी उभा राहिलो. का राहिलो मलाच कळत नाही, चिंगे."

घरात असलं वाक्य कोणी ऐकलेलं नव्हतं. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. चिंगीनं बॅग खाली ठेवली, पण सोडली नाही.

"राहिले तर बेल वाजवत राहू का रोज?" ती म्हणाली. "तुमचा तो सोळा अक्षरांचा पासवर्ड तुम्हालाच राहू दे. मला घराची किल्ली द्या."

काकांचा हात आपोआप जुडग्याकडे गेला आणि तिथेच थांबला. चाळीस किल्ल्या होत्या. गल्लीतल्या अर्ध्या घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे ठेवलेल्या असायच्या. चिंगीसाठी एकही नव्हती. शुक्रवारपासून प्रत्येक बेलला ते धावत होते आणि त्यांना वाटत होतं, आपण किती प्रेमानं दार उघडतोय.

ते चपला घालून दुकानात गेले. मशीनवर कोरी किल्ली लावली, आपली किल्ली शेजारी लावली. पहिली वाकडी कापली गेली. ती त्यांनी फेकून दिली. दुसरी मशीनवर अर्धी कापून कानशीनं सावकाश घासली, पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ धरून बघितली. दोन माणसं बाहेर ताटकळत होती, त्यांना त्यांनी थांबायला सांगितलं.

घरी आले आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. चिंगीनं ती मुठीत घेतली, उठली आणि दाराबाहेर जाऊन दार लावून घेतलं.

काका खुर्चीत बसले. बाहेरून किल्ली भोकात शिरल्याचा आवाज आला. नवी होती, जरा अडखळली. एकदा फिरली नाही. दुसऱ्यांदा थोडी फिरून अडली. काकांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते. बायको त्यांच्याकडे बघत होती. ते उठले नाहीत.