भिंतीएवढे ओठ

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याला शेलूबाजारात कामाचा तोटा नसतो. इंझोरी गावच्या अश्वजितलाही नव्हता. पण आपण नुसते 'व्हिडिओवाले', हे त्याला आत कुठंतरी खुपायचं. त्यामुळं वाशीमच्या एका हौशी मंडळानं मूकपटांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा गडी पेटून उठला.

त्यानं मोबाइलवर जुने मूकपट पाहायचा सपाटाच लावला. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवायचे, पेटी-तबलेवाले पडद्यापाशी बसून वाजवायचे आणि महत्त्वाचं वाक्य तेवढं मधल्या पाटीवर लिहून यायचं. नट मात्र कॅमेऱ्यासमोर मनात येईल ते बोलायचे, कारण लोकांना दिसायचे ते फक्त हलणारे ओठ. ही गोष्ट अश्वजितला भारी आवडली.

पण त्यानं सिनेमासाठी गोळा केलेली गावातली पोरं संवाद नाही म्हटल्यावर खिशात हात घालून उभी राहायची. अखेर कामी आली ती त्याची मोठी बहीण सुकेशनी. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. गावातल्या दुकानांच्या पाट्या ती रंगवायची, आणि बोलायची ती हातांनी, डोळ्यांनी, भुवयांनी. पाणी मागताना तहान कशी दिसते, नाही म्हणायचं असून हो म्हणणारा माणूस मान कशी हलवतो, हे तिनं एकेकाला करून दाखवलं. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं सिनेमाच्या पाट्याही तिनंच रंगवल्या. दिग्दर्शक म्हणून नाव मात्र लागलं एकट्या अश्वजितचं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

सुकेशनी ओठ वाचते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तिच्याबद्दल काही बोलायचं झालं की घरचे तिच्याकडे पाठ करायचे. पाहुणे येऊन गेले आणि नकार आला की पाठ. तिचं पुढं कसं होणार, हा विषय निघाला की पाठ. तिला लागू नये म्हणून, असं आई अंजनाबाई म्हणायची. अश्वजित ही सवय बोलायला लागल्यापासून शिकला होता.

सिनेमात भाऊ बहिणीला सासरी पाठवतो. भाऊ झाला अश्वजित, बहीण झाली शेजारची चंदा, आणि कॅमेरा धरला त्याच्या मित्रानं, करणनं. त्या दिवशी सुकेशनी शेतात गेली होती. चेहरा जवळून घ्यायचा होता, आणि रडताना भाऊ काहीतरी बोलतोय असं दिसायला हवं होतं.

"बोल ना बे काही बी," करण म्हणाला. "कोन आयकते?"

तेव्हा अश्वजितनं डोळ्यांत पाणी आणलं, आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, "हिले तं लगन करून नेलं कोनी. आमच्या बहिरीले कोन नेते? जनमभर माह्याच मानेवर."

करणला हसू आवरेना. तरी शॉट झकास झाला.

वाशीमला पाठवण्याआधी सिनेमा गावातल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर दाखवायचं ठरलं. दिवेलागणीला सगळं गाव जमलं. आपल्या पाट्या बघायच्या म्हणून सुकेशनी सगळ्यांत पुढं बसली होती. पोरं हसली, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि मग भिंतभर अश्वजितचा चेहरा आला.

तेव्हा कुठं त्याला आठवलं. धावत जाऊन प्रोजेक्टर बंद करावा असं वाटलं, पण मधे सगळं गाव दाटीनं बसलं होतं. त्याचे ओठ दाराएवढे झाले होते आणि एकेक अक्षर सावकाश उघडत होते. सुकेशनी वर मान करून ते वाचत होती. पाठोपाठ तिनंच रंगवलेली पाटी आली : 'ताई, तुझ्यावाचून हे घर सुनं.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. अश्वजितला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ती भांडली असती तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. तिनं घरी येऊन भाकरी थापल्या आणि सगळ्यांना वाढलं. त्याच्या ताटात नेहमीसारखाच ठेचा ठेवला.

सकाळी तो लॅपटॉप उघडून तेवढा तुकडा कापायला बसला. सुकेशनीनं येऊन त्याच्या हातावर हात ठेवला. काढू नको, अशी खूण केली.

"काहून, ताई?" त्यानं विचारलं.

तिनं आपल्या पाठीवर हात नेला. एकदा, पुन्हा, कितीतरी वेळा. मग त्याच्या ओठांकडे बोट केलं, आणि ते बोट स्वतःच्या डोळ्यांपाशी आणून थांबवलं. इतकी वर्षं पाठच दाखवलीत, काल एकदाचं तोंडावर बोललास.

चुलीपाशी बसलेल्या आईनं विचारलं, "काय म्हनते रे सुकेशनी?"

अश्वजितला तोंड कुठं लपवावं कळेना. तो झटकन आईकडे वळला, सुकेशनीकडे पाठ केली, आणि दबक्या आवाजात सांगू लागला, "काही नाही वं आई, ते कालच्या सिनेमात मी हिच्याबद्दल..."

आपण काय करतोय हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. मागं ती उभी असणार, त्याच्या पाठीकडे बघत.

मग तो वळला. शरमेनं कान तापले होते, तरी मान वर ठेवली. आणि भिंतीवर जे बोलला होता ते शब्दन् शब्द आईला सांगितलं, ताईकडे तोंड करून.