विसापूरचे करकोचे आणि सुमनचं चित्र

विसापूरच्या तलावावर पक्ष्यांचे फोटो काढायला कधी जावं, असं ओळखीची तरुण मंडळी विचारतात. जानेवारीत जा, म्हणतो मी. मी स्वतः गेलो ते एकाहत्तर साली. सोबत सुमन होती, माझी बायको.

तेव्हा मी नगरला शाळेत शिकवत होतो. वरून काचेत डोकावून बघायचा एक जुना कॅमेरा घेऊन तीन वर्षं पाखरांमागे हिंडत होतो. रोलवर बाराच चित्रं निघायची, त्यामुळे एकेक जपून. सुमनला यात काडीचा रस नव्हता. पण त्या वेळी म्हणाली, "मीही येते. दरवेळी नुसत्या गोष्टीच ऐकायच्या का?"

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. गाडी दर स्टेशनावर निवांत थांबायची. विसापूरला उतरलो तेव्हा दोघांच्या कपड्यांवर इंजिनाची कोळशाची कणी होती. उतरायची सोय साळूबाईंकडे, आमच्या शाळेच्या शिपायाच्या मावशीकडे. त्यांचा हरभरा थेट तलावाच्या काठापर्यंत गेलेला. पहिल्याच दुपारी त्यांनी बांधावर ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला. काळे हात, काळी तोंडं, वर गूळ. तिकडे गेलात तर हुळा चुकवू नका.

हिवाळ्यात त्या हरभऱ्यावर करकोचे उतरतात. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढरा तुरा. मला ते जवळून हवे होते. दोन दिवस मी चिखलात पोटावर सरपटलो. पन्नास पावलांवर गेलो की सगळा थवा ओरडत उठायचा. दोन रोलांतली बावीस चित्रं संपली, आणि त्यांत ठिपक्यांपलीकडे काही नसणार हे मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगावरचा चिखल धुवायला पाण्याकडे निघालो. कॅमेरा सुमनच्या हातात दिला. "दोनच चित्रं उरलीत. नुसता धरून बस."

ती साळूबाईंशेजारी बांधावर बसली. मी हातपाय धुऊन वळलो आणि जागीच थांबलो. थवा त्या दोघींपासून दहा पावलांवर चरत होता. साळूबाई मोठ्यानं बोलत होत्या, तरी एकही पक्षी मान वर करत नव्हता.

मग साळूबाई काठी उगारून उठल्या. "हाऽऽ! लई खाल्लं, आता उठा!" त्यांच्या डोक्यावरून सगळा थवा उठला, आणि सुमननं मान खाली घालून काचेत बघत खटका दाबला.

मी धावतच गेलो. "हात लावू नकोस म्हटलं होतं ना?"

"तुम्ही नुसता धर म्हणालात. धरलाच होता," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

साळूबाई हसल्या. "मास्तर, मी रोजचीच हाय, त्यास्नी ठावं हाय. तुमी चोरावानी येता, म्हून भित्यात."

तिचं चित्र हललेलं निघावं, असं परतीच्या गाडीत मला मनापासून वाटत होतं.

आठवड्यानं स्टुडिओत गेलो. मालकांनी एकच चित्र मोठं करून ठेवलं होतं. उगारलेली काठी, साळूबाईंचा उडालेला पदर, आणि वर आभाळभर पंख. "सर, काय टिपलंय हो! दर्शनी कपाटात लावतो, खाली तुमचं नाव घालून."

सुमन शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "दोन दिवस चिखलात होतो."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त लाज वाटते.

घरी आल्यावर मीच चिडून विचारलं, "तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली आणि भात लावायला आत गेली.

चार दिवस मी तो रस्ता टाळला. पाचव्या दिवशी गेलो. काचेआड चित्र, खाली माझं नाव. दोघेजण उभे राहून बघत होते. मी मालकांना खरं सांगितलं. ते खळखळून हसले. "बायकोचं कौतुक करावं तर तुमच्यासारखं!" सगळी हकीकत दोनदा सांगितली तेव्हा कुठे त्यांनी चिठ्ठी काढली. नवी चिठ्ठी मीच लिहिली, तिच्या पूर्ण नावाची. तिला दाखवायला नेलं. तिनं चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, "साळूबाईंचं नाव राहिलं."

पुढच्या जानेवारीत तिनं कॅमेरा मागितला आणि एकटीच विसापूरला गेली. मी रोल घालून दिला, स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी हलली तेव्हा ती खिडकीत साळूबाईंसाठी घेतलेलं लुगडं सारखं करत होती. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

पुढे मीही पुष्कळ चित्रं काढली, काही बरी निघाली. विसापूरचं ते आमच्या बैठकीत टांगलेलं आहे. पाहुणे त्याच्याच समोर थांबतात. चित्र सुमनचं आहे, हे मी आपण होऊन सांगतो, आणि सांगताना आजही थोडा जळतो.