एकट्याची हवा

दोन सीटांची, जमिनीला पोट टेकेल अशी लाल स्पोर्ट्स कार रत्नागिरीत घेणारा माणूस एक तर खुळा असणार, नाही तर भलताच हौशी. हेमाचा नवरा यज्ञेश दोन्ही होता. हापूसची कलमं राखणारा हा गृहस्थ खड्डे चुकवत ते खेळणं गावभर फिरवायचा आणि टायरच्या हवेपायी नाक्यावरच्या पंपवाल्यांचा जीव खायचा.

इकडे हवा म्हटली की ठासून भरायची, एवढंच जीपवाल्यांना आणि टेम्पोवाल्यांना ठाऊक. यज्ञेशला ते पटत नसे. गाडी हलकी, जास्त भरली की उडते, वळणावर पकड सोडते, हे तो येईल त्याला ऐकवायचा. हेमा शाळेत गणित शिकवायची. तिच्या पर्समधला खडू घेऊन तो टायरवर आडवी रेघ ओढी, खाडीपुलापलीकडच्या भाट्यापर्यंत चक्कर मारी आणि रस्त्यात उकिडवा बसून बघत राही. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. असं महिनाभर करून त्याने दोन आकडे पक्के केले: एकटा असला तर चोवीस पॉइंट, हेमा शेजारी असली तर सव्वीस.

"म्हणजे मी दोन पॉइंटांची?" हेमाने विचारलं होतं.

"भरल्यापोटी अडीच," तो म्हणाला होता.

श्रावणात तो बागेतून आला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेला. हेमा रडली नाही. तेरावं झालं, ती शाळेत गेली आणि तिने वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवलं. भाऊबीज आली, गेली. कोणी जेव म्हटलं की ती जेवायची, नीज म्हटलं की पडायची. बाई दगडाची आहे, असं शेजारीपाजारी कुजबुजले, ते तिनेही ऐकलं. त्याचाही राग आला नाही. फक्त भीती वाटली, की हे असंच राहणार.

पुण्याहून मुलगी नीरजा फोनवर म्हणाली, "आई, गाडी देऊन टाक. दापोलीचे एक डॉक्टर बघायला येतायत रविवारी."

"बरं," हेमा म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

शनिवारी शाळेतून येऊन तिने गाडीवरचं ताडपत्रीचं झाकण काढलं. चारही चाकं बसली होती. यज्ञेशनेच तिला गाडी शिकवली होती. ती सावकाश चालवत नाक्यावर गेली. हवेवर जानू होता. वाकून नळी जोडता जोडता त्याने नेहमीसारखं विचारलं, "एकट्याची भरू की दोघांची?"

मग त्याने जीभ चावली. "चुकलं वो, वैनी. सवयीनं बोललो."

"दोघांची भर," हेमा म्हणाली. का म्हणाली, तिलाच कळलं नाही. जानूने खाली मान घालून सव्वीस भरले.

तिने पर्समधून खडू काढला आणि पुढच्या चाकावर रेघ ओढली. हे घरातलं काम असल्यासारखं हात आपोआप चालले. मग ती भाट्याच्या रस्त्याला लागली. खड्डा आला की गाडी उडे आणि शेजारची सीट खडखडे. एरवी हेमा बसत असे तीच ती सीट. कोणी बसलेलं असताना ती कधी वाजली नव्हती.

पुलापलीकडे तिने गाडी थांबवली आणि रस्त्यात उकिडवी बसली. रेघ मधेच पुसली होती. दोन्ही कडांना खडू तसाच होता, पांढरा, ओढला तसा.

ती बराच वेळ बघत राहिली. मग गाडी वळवून परत नाक्यावर आली.

"जानू, जास्त झाली," ती म्हणाली. "दोन पॉइंट काढ. एकटीच आहे मी."

हे वाक्य तिने तोवर कोणापाशी उच्चारलं नव्हतं. जानूने गुडघा टेकून व्हॉल्व्ह दाबला. हवा सुटल्याचा आवाज आला आणि हेमा पंपावर, चार रिक्षावाल्यांच्या देखत, बॉनेटवर हात टेकून मोठ्याने रडायला लागली. मागे एका जीपवाल्याने हॉर्न दिला. जानूने त्याला हातानेच थांबवलं आणि उरलेली तीन चाकं एकेक करून, जमेल तितक्या सावकाश, चोवीसवर आणली.