तेल पाजलेल्या वहाणा

मेंढरं दुष्काळात गेली तेव्हा आम्ही कऱ्हाटीहून उठून कन्हेरीला बागाइतदाराच्या मळ्यात राबायला आलो. आबा आणि आई दिवसभर वांग्या-मिरच्यांत वाकलेले. घरात वहाणांचा एकच जोड, तो आबांचा. बारामतीची शाळा मी अनवाणीच केली. पुढं पुण्याला शिकून बी. एस्सी. झालो. आमच्या घराण्यात तोवर कुणी चौथीपलीकडं गेलं नव्हतं, हे मी छाती काढून सांगतो.

पण पदवी मिळून वर्ष झालं तरी नोकरी लागेना. मळ्यातले शेजारी आबांना डिवचायचे, "आबा, पोरगं लई शिकलं! आता खुरपं धरायचंबी इसरलं जनू."

अशात इंदापूरच्या एका शाळेचं बोलावणं आलं. विज्ञानाचा मास्तर हवा होता. शाळा चालवणाऱ्या मंडळींसमोर वर्गावर एक पाठ घेऊन दाखवायचा, पसंत पडला तर जागा आपली.

आबांनी माझ्यासाठी कोऱ्या वहाणा करून आणल्या. कोऱ्या कातड्याला तेल पाजल्याशिवाय आमच्याकडं कुणी पाय घालत नाही. आबांनी मायेनं तळालाही पाजलं. "तळबी मऊ पडू दे, चावायच्या न्हाईत." त्या घालून मातीतून चाललो असतो, तर तेल धुळीनंच टिपलं असतं. पण मी वहाणा मळू नयेत म्हणून काखेत मारल्या, एस. टी.नं इंदापूर गाठलं आणि थेट शाळेच्या पायरीवर पायांत घातल्या.

वर्गात घोटीव शहाबादी फरशी. रुबाब दिसावा म्हणून मी लांब टांग टाकली आणि सपशेल उताणा पडलो. पोरं खदाखदा हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "गुर्जी, जागा मोजताय व्हय?"

उठलो. कंबर ठणकत होती. पाठ हवेच्या दाबावर ठरला होता, पण आता दाब कोण ऐकणार?

"मी का पडलो?" मी विचारलं. "सांगा."

"वहाणाला त्याल हाय!"

"टांग लई लांब टाकली!"

मंडळींतले एक गृहस्थ कुरकुरले, "अहो, पाठ हवेच्या दाबावर ना?" हेडमास्तर म्हणाले, "राहू द्या. पोरं बघा कशी पुढं सरकलीत."

मी एक वहाण तशीच ठेवली, दुसरीचा तळ पुसून खडूची भुकटी चोळली. पोरांनी दोन्ही फरशीवर ढकलून पाहिल्या. एक सुळकन गेली, दुसरी अडली. मग मी चालून दाखवलं. टांग लांब पडली की पाय अंगाच्या फार पुढं टेकतो, टाच तिरपी पडून फरशीला पुढं रेटते. फरशीनं धरलं नाही की पाय पुढं पळतो आणि अंग मागं राहतं. पाऊल आखूड टाकलं की पाय अंगाखालीच राहतो, भार सरळ खाली जातो. तेल लागलेल्या वहाणेनिशी आखूड पावलं टाकत मी फळ्यापासून दारापर्यंत गेलो. घसरलो नाही. मघाशी ओरडलेला पोरगाच म्हणाला, "गुर्जी, आमालाबी चालू द्या की!" मग माझ्या वहाणा आळीपाळीनं पायांत घालून सगळा वर्ग बगळ्यासारखा जपून चालू लागला, आणि घर्षण म्हणजे काय हे मला कुणाकडून पाठ करून घ्यावं लागलं नाही.

तास संपल्याची घंटा झाली तरी पोरं उठेनात. मंडळींनी मला तिथल्या तिथं निवडलं. जूनमध्ये मी त्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि त्याच महिन्यात आईआबांचं मळ्यातलं राबणं बंद केलं.